ओपीडीत आणखी एक खुर्ची हवी

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण मंडळ,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली



मी बेंगळुरूत मेडिसिन शिकवणारा डॉक्टर आहे. घर निपाणीचे, शाळा मराठी, एमडी आणि त्यानंतरची सगळी नोकरी कर्नाटकात. पत्र आपल्याला आहे, पण ते मुद्दाम मराठीत आणि सर्वांसमोर लिहितो आहे. दरवर्षी महाराष्ट्रातली कितीतरी मुले पदव्युत्तर शिक्षणासाठी बेंगळुरू, हुबळी, मंगळुरूला येतात आणि इकडची मुले मुंबई, पुणे, नागपूरला जातात. त्यांच्या आईवडिलांना, आणि ज्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ही मुले शिकतात त्या रुग्णांना, हे शिक्षण कसे चालते ते कळायला हवे.

माझी मागणी एवढीच आहे: रेसिडेंट डॉक्टर ओपीडीत रुग्ण तपासत असताना त्याच्या शेजारी ठरवून आणि नियमाने शिक्षक बसावा. खोलीत दोन खुर्च्या असतात, डॉक्टरची आणि रुग्णाची. तिथे तिसरी ठेवावी आणि ती रिकामी राहू नये, एवढे आपण बघावे.

ही मागणी का करतो, ते दोन रुग्णांच्या आधाराने सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या खोलीचे छत पावसात गळू लागले, म्हणून एका सकाळी मी रेसिडेंटच्या खोलीत जाऊन बसलो. लातूरकडून आलेली पहिल्या वर्षाची मुलगी रुग्ण तपासत होती. कन्नड जेमतेम कामापुरते येत होते. समोर साठी उलटलेल्या अज्जी, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण, सोबत शाळकरी नातू. अज्जी म्हणाल्या, ‘तुंबा संकट आगुत्ते, अम्मा.’ खूप संकट होते. मुलीने मायेने त्यांच्या हातावर हात ठेवला, मान हलवली आणि केसपेपरवर लिहिले: घरगुती अडचणी, समाजसेवा विभागाकडे पाठवणे. साखरेच्या गोळ्या पूर्वीप्रमाणे.

मराठी माणसाला संकट म्हणजे कोसळलेली आपत्ती. कन्नड बोलणारी बाई ‘संकट’ म्हणते तेव्हा अनेकदा पोटात किंवा छातीत होणारी कासाविशी सांगत असते. मी विचारले, ‘अज्जी, संकट एल्ली?’ कुठे? त्यांनी तळहात छातीच्या मधोमध ठेवला. बस स्टॉपपर्यंत चालत गेले की होते, बसले की थांबते. ईसीजी काढला आणि अज्जींना त्याच दुपारी हृदयविभागात दाखल केले.

त्या मुलीने हलगर्जीपणा केला नव्हता. ती लक्ष देऊन ऐकत होती, तिला रुग्णाबद्दल कळवळा होता, परीक्षेत तिने छातीत दुखण्याची वीस कारणे घडाघडा सांगितली असती. तिचा एक शब्द चुकला. तो चुकला हे सांगणारे माणूस त्या खोलीत होते, कारण माझ्या खोलीचे छत गळत होते.

दुसरा रुग्ण माझा आहे. मी दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट होतो. यशवंतपूरच्या मार्केट यार्डात हमाली करणारा माणूस तीन आठवड्यांचा खोकला घेऊन आला. रांग व्हरांड्याबाहेर गेलेली. मी खोकल्याचे औषध आणि अँटिबायोटिक लिहून दिले. दोन आठवड्यांनी तो पुन्हा माझ्याच टेबलापाशी आला. मी त्याला ओळखले नाही, जुना केसपेपर उलटून पाहिला नाही आणि पुन्हा खोकल्याचे औषध दिले. तिसऱ्या वेळी तो दुसऱ्या रेसिडेंटकडे गेला. त्याने थुंकी तपासायला पाठवली. क्षयरोग होता. मला हे महिन्याभराने कँटीनमध्ये कळले, तेही केसपेपरवरचे अक्षर माझे आहे हे त्या मित्राने ओळखले म्हणून. तोवर तो माणूस घरात आणि यार्डात खोकत राहिला होता. त्या तीन वर्षांत मी अशी आणखी किती माणसे परत पाठवली, हे मला कोणी सांगितले नाही. सांगण्याची सोयच नव्हती.

एक चूक योगायोगाने टळली, दुसरी योगायोगाने कळली. दोन्हीकडे शिकवणारा योगायोगच होता. पदव्युत्तर शिक्षणाचा एवढा मोठा भाग योगायोगावर सोडता येणार नाही, म्हणून हे पत्र.

पुढे शिकवायला लागल्यावर एक जुना अभ्यास वाचला आणि तो हमाल पुन्हा डोळ्यांसमोर आला. बेंगळुरूच्या बळ्ळारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे, १९५९ साली स्थापन झालेली. तिथल्या देबाबर बॅनर्जी नावाच्या तरुण समाजवैद्यकाने आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये क्षयाच्या रुग्णांना गाठले आणि विचारले, त्रास होतो हे तुम्हाला कळले होते का, कळल्यावर तुम्ही काय केले? खेड्यातली माणसे आजार अंगावर काढतात, दवाखान्याची पायरी चढत नाहीत, असा तेव्हा समज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९६३ साली छापून आलेले निष्कर्ष वेगळेच होते. बहुतेकांना आपल्या त्रासाची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून ते खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. रुग्ण आपल्या पायांनी ओपीडीत आले होते, ओपीडीने त्यांना ओळखले नव्हते.

देशाचा क्षयरोग कार्यक्रम याच निष्कर्षावर उभा राहिला: क्षय शोधायचा तो सामान्य दवाखान्याच्या रांगेत. त्याच्या थोडेच आधी मद्रासच्या संशोधकांनी सिद्ध केले होते की घरी राहून औषध घेणारा क्षयरोगी सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. क्षय तेव्हाच खाटेवरून उठून ओपीडीत आला. त्याच्यामागून मधुमेह आला, रक्तदाब, दमा, अपस्मार, एचआयव्ही आले. मोतीबिंदूचा रुग्ण आता संध्याकाळी घरी जातो. कर्करोगाची कितीतरी इंजेक्शने सकाळी सुरू होऊन दुपारी संपतात. आजार ओपीडीत आले, शिकवणे मात्र खाटेपाशीच राहिले.

आमच्या आठवणीसुद्धा वॉर्डाच्याच असतात. डॉ. रवी बापटांचे ‘वॉर्ड नंबर पाच, के.ई.एम.’ हे पुस्तक मराठी घराघरांत पोचले आहे. ओपीडीच्या खोलीचा नंबर कुणा डॉक्टरने असा जिवाशी बाळगलेला मला माहीत नाही. राउंडला प्राध्यापक येतात, मागे सगळे युनिट असते, खाटेपाशी रेसिडेंट केस सांगतो, चूक तिथल्या तिथे पकडली जाते, रुग्ण उद्याही तिथेच असतो. एमडीच्या परीक्षेतली लाँग केस त्याच खाटेवरून येते. ती तपासायला विद्यार्थ्याला पाऊण तास, तासभर मिळतो. असा तास त्याला पुढच्या आयुष्यात ओपीडीत कधीच मिळणार नाही. चार मिनिटांत समोरच्या माणसाचा आजार ओळखणे ही त्याची रोजची परीक्षा असते, आणि ती आम्ही घेतच नाही.

वॉर्डातले रुग्ण म्हणजे आजारी माणसांचा किती छोटा तुकडा आहे, हे केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच मांडले होते. ब्रिटन-अमेरिकेतल्या माहितीवरून त्यांनी हिशोब केला: एक हजार प्रौढांपैकी महिन्याभरात साडेसातशे जणांना काही ना काही त्रास होतो, अडीचशे जण डॉक्टरकडे जातात, नऊ जण रुग्णालयात दाखल होतात आणि एकच जण विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, उतरण तीच आहे. त्या एकाच्या उशाशी आपण तीन वर्षे शिकवतो आणि अडीचशेंच्या रांगेसमोर रेसिडेंटला एकटे बसवतो.

त्या रांगेत हकीकत ऐकणे हे सगळ्यांत मोठे हत्यार असते. इंग्लंडमध्ये १९७५ साली जॉन हॅम्प्टन यांनी मेडिसिनच्या ओपीडीत आलेले ऐंशी नवे रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या सहासष्ट जणांचे निदान नुसत्या हकीकतीवरून बरोबर निघाले. अंगावरची तपासणी आणि प्रयोगशाळा यांनी प्रत्येकी सात जणांच्या बाबतीत निर्णायक भर घातली. आणि ही हकीकत आम्ही किती ऐकतो? अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये मोजले तेव्हा डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी अठरा सेकंदांत तोडल्याचे दिसले. २०१७ साली जगभरच्या प्राथमिक आरोग्यसेवेतल्या तपासणीचा वेळ एकत्र मांडला गेला, तेव्हा स्वीडनमध्ये तो साडेबावीस मिनिटे होता आणि बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद. आपण बांगलादेशाच्या जवळ आहोत. म्हणजे ज्या खोलीत सर्वाधिक कौशल्य लागते, तिथे वेळ सर्वांत कमी आणि शिक्षक गैरहजर.

आपल्या मंडळातल्या प्रत्येकाने कधीतरी सरकारी ओपीडी चालवली असेल, म्हणून वर्णन थोडक्यात करतो. नऊला खिडकी उघडते. एका टेबलाभोवती तीन रेसिडेंट, प्रत्येकासमोर एक रुग्ण, त्याच्या पाठीला टेकून दुसरा. पडदा असला तर ओढायला जागा नसते. एका रेसिडेंटच्या वाट्याला साठ रुग्ण आले, तर एकापर्यंत दोनशे चाळीस मिनिटांत प्रत्येकाला चार मिनिटे मिळतात. शिक्षक शेजारच्या खोलीत आपले रुग्ण पाहत असतात. अडले तर रेसिडेंट केसपेपर घेऊन उठतो आणि दारात उभ्याने विचारतो. पण अडले आहे हे कळण्यापुरते तरी त्याला आधी कळावे लागते. ‘संकट’ शब्दाशी ती मुलगी अडलीच नव्हती. न अडता झालेल्या चुका दारापर्यंत येत नाहीत. मीसुद्धा वर्षानुवर्षे दारातच सह्या केल्या आहेत, रुग्णाचे तोंड न बघता. तेव्हा त्याला मी शिकवणे समजत होतो.

हे बदलता येते, आणि बदलण्याची उदाहरणे माझ्याच शहरात आहेत. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत नव्या रुग्णाची सविस्तर हकीकत आधी रेसिडेंट घेतो, नातेवाइकांशी बोलतो, मग वरिष्ठांसमोर मांडतो, आणि वरिष्ठ पुन्हा रुग्णाला भेटून ती पडताळून पाहतात. मनोविकाराला यंत्रात दिसणारी सावली नसते, सगळे निदान बोलण्यातूनच काढावे लागते, म्हणून तिथे ही शिस्त रुजली असावी. याच संस्थेने सत्तरच्या दशकात बेंगळुरूबाहेर सकलवारा इथे ग्रामीण केंद्र सुरू केले, १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात साध्या सरकारी दवाखान्यांतून मानसिक आजारांवर उपचार होऊ शकतात हे दाखवले, आणि त्याच्याच आधारावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना तेव्हा वर्गात बसवून शिकवत. वर्गात शिकलेले परत गेल्यावर रांगेसमोर टिकत नाही, हा अनुभव आल्यावर निम्हान्सच्या मनोविकारतज्ज्ञांनी गेल्या दशकात उलटी वाट धरली. डॉक्टर आपल्याच केंद्रात, आपल्याच ओपीडीत बसलेला असतो, समोर त्याचाच रुग्ण असतो आणि तज्ज्ञ बेंगळुरूहून व्हिडिओवर त्यांच्यात सामील होतो. झोप लागते का हे विचारा, दारूचे कसे विचाराल, हा प्रश्न जरा वेगळा विचारून बघा. प्रश्न तिथेच विचारला जातो, उत्तर तिथेच येते, औषध तिथेच ठरते. तिसरी खुर्ची पडद्यावरसुद्धा मांडता येते, ती मांडायची हे मात्र आधी कुणीतरी ठरवावे लागते.

त्या खुर्चीत बसून शिक्षकाने करायचे काय, हेही नव्याने शोधायला नको. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कौटुंबिक वैद्यकाच्या शिक्षकांनी ओपीडीसाठी पाच पायऱ्यांची पद्धत लिहिली. आधी विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे मत सांगायला लावा. ते कशावरून, हे विचारा. एकच नियम शिकवा. बरोबर केले ते नाव घेऊन सांगा. चुकले ते सुधारा. मी ही पद्धत वापरतो. अलीकडचा एक प्रसंग सांगतो. घोट्यांना सूज आलेल्या एका बाईंची हकीकत रेसिडेंटने सांगितली आणि म्हणाला, ‘सर, लघवी आणि क्रिएटिनिन पाठवतो.’

‘पाठव. पण तुला स्वतःला काय वाटतं?’

‘किडनी असावी.’

‘कशावरून?’

तो थांबला. चेहऱ्यावर सूज नव्हती, दम लागत नव्हता, लघवी ठीक होत होती.

‘त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे?’

पिशवीत गोळ्या होत्या. महिन्यापूर्वी कुणीतरी रक्तदाबाची अॅम्लोडिपिन पाचाची दहा केली होती. या गोळीने घोट्यांना सूज येते, हे त्याला पाठ होते. पिशवी उघडून बघायची, हे पाठ नव्हते. मी एवढेच म्हणालो, ‘सूज दिसली की रक्त काढायच्या आधी पिशवी बघ. आणि दम, लघवी, चेहरा तू आपणहून विचारलंस, ते छान केलंस.’ सगळे मिळून तीन मिनिटे लागली. तो मुलगा आता स्वतः ज्युनियरला पिशवी उघडायला सांगतो.

दुसरी पद्धत निरीक्षणाची. अमेरिकेच्या इंटर्नल मेडिसिन बोर्डात जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेली. शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटे गप्प बसून रेसिडेंटला खऱ्या रुग्णाशी बोलताना, तपासताना, समजावताना पाहायचे, एका पानावर नोंदवायचे आणि रुग्ण गेल्यावर पाच मिनिटे त्याच्याशी बोलायचे. ही कल्पना आपल्या मंडळाला नवी नाही. पण शिफारशीच्या पानावर असलेली गोष्ट गर्दीच्या दिवशी सगळ्यांत आधी गळते आणि ओपीडीत रोजच गर्दी असते. नियमात असलेली गोष्ट उरते. प्रबंध उरतो, संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम उरतो, हृदयक्रिया बंद पडल्यावरच्या जीवनरक्षणाचे प्रशिक्षण उरते, कारण २०२३ च्या आपल्या नियमावलीने ते सक्तीचे केले आहेत. आणि ते योग्यच केले आहे.

‘एवढ्या गर्दीत शिक्षकाला वेळ कुठून आणायचा?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. प्रत्येक रुग्णाशेजारी शिक्षक बसावा, असे मी म्हणत नाही. एका ओपीडीच्या दिवशी प्रत्येक रेसिडेंटचा एक रुग्ण शिक्षकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. युनिटमध्ये सहा रेसिडेंट आणि तीन शिक्षक धरले, तर प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला दोन निरीक्षणे येतात, म्हणजे साधारण चाळीस मिनिटे. तेवढ्या वेळात त्याच्या हातून दहाएक रुग्ण कमी तपासून होतील, हे खरे. पण वेळेत न ओळखलेला क्षयरोगी तीन फेऱ्या मारतो आणि तोवर आणखी कुणाकुणाला आजार देऊ शकतो. तो वेळ आपल्या हिशोबात कधी धरलाच जात नाही.

भाषेविषयी वेगळे सांगायला हवे. सरकारी महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. व्यवस्था चांगली आहे, तिने देश एकमेकांत मिसळतो. पण बेंगळुरूच्या एका ओपीडीत सकाळभरात कन्नड, तमिळ, तेलुगू, दख्खनी उर्दू आणि पेठेतल्या भावसार घरांतली जुन्या वळणाची मराठीही ऐकू येते. एमबीबीएसच्या मुलांना प्रवेशानंतरच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेची ओळख करून देतात. जो पहिल्या आठवड्यापासून औषधे लिहून देणार आहे, त्या रेसिडेंटची भाषा मात्र गृहीत धरली जाते. तो ती सिस्टरांकडून, मावशींकडून, रुग्णांच्या नातवंडांकडून शिकतो. लातूरच्या मुलीला बेंगळुरूत आणि हासनच्या मुलाला नागपुरात पहिल्या तीन महिन्यांत शंभर-दोनशे शब्द शिकवणे अवघड नाही. वेदनेचे शब्द, श्वासाचे, शौचाचे, पाळीचे, भीतीचे. ते शब्द खोलीत बसलेला शिक्षकच शिकवू शकतो, कारण शब्दकोशात संकट शब्दाला छाती नसते.

आणि रुग्णाचा विचार सगळ्यांत आधी. सरकारी ओपीडीत येणारा माणूस गरीब असतो, म्हणून त्याने शिकवण्याचे साधन व्हावे, असा करार त्याच्याशी कोणी केलेला नाही. शेजारी बसलेले हे मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्या देखत मी तुम्हाला तपासू का, असे त्याच्या भाषेत विचारायला हवे आणि तो नको म्हणाला तर ते मान्य करायला हवे. माझ्या अनुभवात क्वचितच कुणी नको म्हणते. दोन डॉक्टर आपल्याकडे लक्ष देत आहेत, याचा लोकांना आनंद होतो. कित्येक वर्षे ते एका डॉक्टरच्या अर्ध्या लक्षावर भागवत आले आहेत.

रेसिडेंटकडूनही यात काही मागायचे आहे, म्हणून त्याची बाजूही मांडतो. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर ओपीडीत बसलेल्या मुलाच्या शेजारी कितीही चांगला शिक्षक बसवा, त्याला ऐकूच येणार नाही. रेसिडेंटचे काम साधारणपणे दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपलीकडे जाऊ नये, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत लिहिले आहे. आयोगाच्याच कार्यगटाने २०२४ मध्ये आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची कमाल मर्यादा सुचवली. आपल्या नियमावलीत मात्र ‘वाजवी तास’ असा शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक विभाग आपापल्या गरजेने ठरवतो. तिथे आकडा लिहा.

आता नेमक्या मागण्या.

प्रत्येक रेसिडेंटच्या लॉगबुकात दर महिन्याला शिक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या ओपीडी तपासण्यांची किमान संख्या ठरवावी. मी चार म्हणेन. खाली शिक्षकाची सही आणि दोन ओळींचा अभिप्राय असावा. ‘उत्तम’ या एका शब्दाला अभिप्राय मानू नये.

एमडीच्या प्रात्यक्षिक परीक्षेतली एक केस ओपीडीत त्याच दिवशी आलेल्या नव्या रुग्णाची असावी. त्याच्याशी होणारे बोलणे परीक्षकाने सुरुवातीपासून बघावे. परीक्षेत जे येते ते शिकवले जाते, हे आपण सगळे जाणतो.

प्रत्येक रेसिडेंटला तीन वर्षे त्याचेच म्हणता येतील असे काही रुग्ण मिळावेत. पंधरा मधुमेही, पंधरा रक्तदाबाचे, एवढे पुरेत. अमेरिकेत मेडिसिनच्या रेसिडेंटला त्याच त्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी अर्ध्या दिवसाच्या एकशे तीस ओपीडी कराव्या लागत, असा नियम २००९ मध्ये आला होता. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण आपण दिलेल्या गोळीचे सहा महिन्यांनी काय झाले, हे बघितल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही. माझा हमाल माझ्याकडे नेमाने येत असता, तर मला कँटीनमध्ये कळायची वेळ आली नसती.

जिल्हा निवासी कार्यक्रमात रेसिडेंट तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातात. कल्पना उत्तम आहे. तिथे त्यांच्या ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी मूळ महाविद्यालयाचा शिक्षक पडद्यावरून सामील व्हावा. वाट निम्हान्सने घालून दिली आहे.

आणि शेवटची मागणी शिक्षकांसाठी. आपण आमची हजेरी आधारशी जोडली, ती रोज लागते. आम्ही आवारात आहोत की नाही, हे आपल्याला दिल्लीत बसून कळते. आम्ही शिकवतो का, हे कळत नाही. ओपीडीत रेसिडेंटशेजारी घालवलेला वेळ अध्यापनाचा वेळ म्हणून मोजावा आणि बढतीच्या वेळी शोधनिबंधांच्या शेजारी त्याला जागा मिळावी. आज जो शिक्षक अशा प्रकारे बसतो, तो केवळ स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी बसतो. अशा शिक्षकांच्या आधारावर ही व्यवस्था आजवर उभी आहे, पण समाधानाचा नियम होत नाही.

बेंगळुरूच्या मार्केटजवळचे व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० साली सुरू झाले. तेव्हापासून त्या परिसरात माणसे सकाळी अंधारात निघून रांगेत उभी राहतात. ती लांबून येतात, कारण इथे शिकवणारे डॉक्टर असतात असे त्यांनी ऐकलेले असते. त्यांचा हा समज खरा ठरवणे आपल्या हातात आहे.

अज्जी बऱ्या झाल्या. महिन्याभराने पाठपुराव्याला आल्या तेव्हा रांगेत त्यांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवले होते. त्या हटून बसल्या. आपला हात धरणारी ती मुलगीच हवी, म्हणाल्या. मुलगी आली आणि खुर्चीत टेकण्याआधी तिने विचारले, ‘अज्जी, इवत्तु संकट इदेया?’ आज संकट आहे का? तिच्या तोंडी तो शब्द आता कन्नड होता. मी त्या दिवशीही शेजारी होतो. छत केव्हाच दुरुस्त झाले होते.

पुढच्या वेळी आपण महाविद्यालयाच्या पाहणीला याल, तेव्हा खाटा आणि रजिस्टरे मोजून झाल्यावर सकाळी अकराच्या सुमारास कुठल्याही ओपीडीच्या खोलीत न सांगता या. तिसरी खुर्ची आहे का आणि तिच्यात कोण बसले आहे, एवढे बघा. रिकामी असली तर तासभर आपणच बसा. बाकीचे हे सगळे पत्र आपल्याला तिथे बसून कळेल.

आपला,
बेंगळुरूतील एक वैद्यकशिक्षक